करवत कुणाच्या हातात?



या अंकासाठी झाडांवरच्या सात कविता आल्या. सातही आपल्याच पोरांच्या. कुणी अंधेरीचा, कुणी मुलुंडचा, दोघं बोरिवलीचे. सातपैकी पाच कवितांत झाड तोडणारा माणूस आहे. एका कवितेत तो कसाई आहे, एकीत खुनी, एकीत भाडोत्री मारेकरी, आणि उरलेल्या दोनांत सरळ राक्षस. या पाच कविता मी छापत नाही. त्यांची पानं मोकळी पडली, म्हणून हे संपादकीय लांबलंय.

कविता वाईट आहेत म्हणून परत करत नाही. एक तर फार चांगली आहे. पण तिच्यातला तो कसाई माझा बाप आहे.

काही दोस्तांना राग येईल. येऊ द्या. आधी ऐकून घ्या, मग शिव्या घाला.

मी गोदीत काम करतो. मॅट्रिक झालो आणि पुढं शिकायचं राहून गेलं. घाटकोपरहून कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोड. जहाजातून लोखंडाच्या गुंडाळ्या उतरतात, त्यांना साखळदंड लावायचा, वर बघायचं, बाजूला व्हायचं. डोक्यावर वजन लटकत असताना माणूस काय विचार करतो हे मला ठाऊक आहे. काहीच करत नाही. पायाखाली काय आहे तेवढं बघतो. हे मला गोदीनं शिकवलं नाही. बापानं शिकवलं. तो तेवीस वर्षं उपनगरातली झाडं छाटत होता.

आजा १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आला. गावात असताना महारकीची कामं त्याच्या वाट्याला होती. त्यात मयताचं सरपण फोडणं आलं. मेलेला कुणाचाही असो, कुऱ्हाड आपली. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं, पण हाताची सवय कायद्यानं जात नाही. आजा मुंबईत आला तो कुऱ्हाड चालवता येते एवढ्या भांडवलावर. बाप त्याच्या मागून. नाक्यावर उभं राहायचं, मुकादम यायचा, विचारायचा, ‘चढता येतं का?’ ज्याला येतं तो टेम्पोत.

आता चढणं म्हणजे काय ते सांगतो. आपल्या सातही कवींना झाडाच्या सावलीची माहिती आहे, झाडाच्या वजनाची नाही.

पर्जन्यवृक्षाची रस्त्यावर आलेली एक फांदी. माणसाच्या कमरेएवढी जाड. ओलं लाकूड, आत पाणी भरलेलं, चार माणसांना उचलत नाही. खाली मोटारी, बाजूला विजेची तार, पलीकडं दुकानाचा पत्रा. ती फांदी नुसती कापून सोडली तर काहीतरी मरणार. म्हणून आधी दोर. दोर वरच्या जाड बेचक्यातून घालायचा, एक टोक फांदीला बांधायचं, दुसरं टोक खाली बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन एकाच्या हातात. त्या वेढ्यांमुळं एवढी जड फांदी एकटा माणूस हळूहळू सोडत खाली आणतो. वेढा कमी पडला तर दोर हाताची कातडी घेऊन जातो. माझ्या बापाचे तळवे गुळगुळीत होते, रेषा नव्हत्या. ज्योतिष्याकडं जायचा प्रश्नच मिटला.

मग कापणं. फांदीला आधी खालून चीर द्यायची, थोडीच. मग त्या चिरेच्या जरा पुढं वरून कापायचं. उलटं केलं की फांदी तुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. फांदी गेली की उरलेला खुंट काढायचा. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीची एक फुगीर कडी असते. करवत त्या कडीच्या बाहेरून घालायची. कडी शाबूत राहिली तर झाड स्वतःच जखमेवर नवी साल चढवतं. कडीच्या आत करवत गेली की जखम उघडी राहते, पाणी मुरतं, बुरशी धरते, आणि काही वर्षांनी तेच झाड आतून पोकळ होऊन पावसात रस्त्यावर आडवं होतं.

बापाला हे कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. बुंध्यावर कुऱ्हाडीचा तुंबा ठोकून आवाज ऐकायचा. भरीव वाजलं तर चढायचं, ढोलासारखं वाजलं तर मुकादमाला सांगायचं. मुकादम म्हणायचा, ‘तू चढ, मी बघतो.’

हत्यारं सांगतो. कुऱ्हाड, कोयता, आरी, पहार, पाचर, घण, शिडी, दोर. नंतर पेट्रोलवरची साखळी-करवत आली, तिला सगळे ‘मशीन’ म्हणतात. मशीनच्या पात्याचं टोक लाकडाला लागलं तर ती झटक्यात मागं, थेट तोंडावर येते. ती दोन्ही हातांनी धरायची असते, आणि फांदीवर बसलेल्या माणसाचा एक हात झाडाला असतो. साखळीला धार लावायला गोल कानस लागते. ती कानस बापानं स्वतःच्या पैशानं घेतली होती. दोरही पुष्कळदा स्वतःचा. कमरेला पट्टा? पट्टा मुकादमाच्या टेम्पोत असायचा. साहेब बघायला आला की निघायचा, फोटो झाला की परत टेम्पोत.

लाकूड मात्र ठेकेदाराचं. आंब्याचं खोक्यांना, सागवान मिळालं तर चांदी, फणसाला गिऱ्हाईक लगेच. गुलमोहर कवडीमोल, जाळायला. बापाच्या वाट्याला डहाळ्या. त्या आई डोक्यावरून घरी आणायची. ओल्या डहाळ्यांच्या धुरावर आमचा भात शिजला. माझे डोळे लहानपणापासून लाल, लोकांना वाटतं क्रांतीमुळं.

२०१४ चा मे महिना. पाऊस यायच्या आत छाटणी उरकायची म्हणून दिवसाला तीन-तीन झाडं. एका सोसायटीच्या आवारात सोनमोहर होता. बापानं ठोकून बघितलं. ढोल. सांगितलं. मुकादम म्हणाला, ‘शेठला आज बिल लावायचंय.’ बाप चढला. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर बेचकं फाटलं.

कमरेखालची हाडं तीन ठिकाणी मोडली. टेम्पोतून नेलं. दवाखान्यात कागदावर लिहिलं गेलं, ‘राहत्या घरी शिडीवरून पडला.’ कुणी लिहवलं ते मला माहीत आहे. ठेकेदारानं आईच्या हातात आठ हजार ठेवले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. माझी आई सहावीपर्यंत शिकलेली, तिला सही येते. तिनं सही केली तर तो म्हणाला, ‘नको, अंगठाच दे.’ मी तेव्हा सातवीत होतो. अंगठ्याची शाई ती रात्रभर घासत होती.

भरपाईचा कायदा या देशात १९२३ पासून होता. २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. पण कायद्याला आधी तुम्ही कामगार आहात हे दाखवावं लागतं. हजेरीचा कागद, पगाराची चिठ्ठी, काहीतरी. बापाकडं पुरावा म्हणून मोडलेली कंबर होती. ती कागदावर शिडीवरून पडलेली.

आता झाडाचं बघा. १९७५ साली महाराष्ट्रात नागरी भागातली झाडं जपायचा कायदा झाला. चांगला कायदा. वृक्ष प्राधिकरण आलं, वृक्ष अधिकारी आला, परवानगी आली, ठराविक वर्षांनी झाडं मोजायची सक्ती आली. २०१८ च्या मोजणीत मुंबईत २९ लाख ७५ हजारांच्या घरात झाडं भरली. जात नोंदली, उंची नोंदली, बुंध्याचा घेर नोंदला. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा-वृक्षाचा मान मिळाला. मी याच्या विरोधात नाही. पण त्या सगळ्या कायद्यात झाडावर चढणाऱ्या माणसासाठी एक ओळ नाही. झाडाचा घेर सरकारला ठाऊक आहे. ते छाटणारे हात किती, त्यातले किती पडले, किती मेले, हे कुणी मोजलं?

२०१७ च्या जुलैत चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून एक बाई गेल्या. सगळ्या शहरानं ते चित्र बघितलं, चर्चा झाली. व्हायलाच पाहिजे होती. झाड माणसावर पडलं की बातमी होते. माणूस झाडावरून पडला की नाक्यावर दुसरा उभा असतो.

आणि जात? काहींना वाटेल, इथं जातीचा काय संबंध, हा तर मजुरीचा प्रश्न. ऐका. सोसायटीच्या भिंतीत पिंपळ उगवतो. मुळं भिंत फोडायला लागतात. काढायचा तर आहे, पण हात कोण लावणार? पिंपळ तोडणं पाप. वॉचमन नको म्हणतो, माळी नको म्हणतो. मग बापाला बोलावणं. एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्याला तोंडावर सांगितलं, ‘तुम्हाला चालतं ना? तुमच्यात हे काही नसतं.’ त्याआधी त्यांनी नारळ फोडला, झाडाची माफी मागितली, आणि बाजूला जाऊन उभे राहिले. पाप वाटून देण्याची ही जुनी रीत आहे. मेलेलं ढोर आम्ही ओढायचं, गटार आम्ही उपसायचं, पिंपळ आम्ही तोडायचा. त्यांचे हात स्वच्छ आणि भिंतही शाबूत.

‘तुमच्यात हे काही नसतं.’ बापाच्या घरात तथागताची तसबीर. बोधिवृक्ष म्हणजे पिंपळच. त्या दिवशी त्यानं पिंपळ मुळापासून उपटला नाही. रोप सोडवून घेतलं, ओल्या गोणपाटात बांधून आणलं आणि वस्तीच्या मागं नाल्याच्या काठी लावलं. ते जगलं. आज त्याच्याखाली पोरं कॅरम खेळतात. आपल्या कवितेतल्या कसायानं लावलेलं झाड आहे ते.

आता आरेकडं येतो, कारण सातही कविता तिथूनच आल्यात.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. लोक धावले. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. तोवर २१४१ झाडं आडवी झाली होती. कारशेड झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात आरेपासून बीकेसीपर्यंत गाडी सुटली, २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत गेली. प्रजापूरपाड्याच्या आदिवासींची घरंदारं या कामापायी गेली, त्यांच्यावर सातपैकी एका कवितेत दोन ओळी आहेत. तेवढ्या छापतोय.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. शनिवारी आरेच्या दिशेनं गेलो. पोलिसांनी आत सोडलं नाही. रस्त्यावर घोषणा दिल्या, घसा बसला. रात्री घरी आलो. बाप पडल्या जागेवरून बघत होता. म्हणाला,

‘कुणाला शिव्या दिल्या?’

‘सरकारला.’

‘आन् कापणाऱ्यास्नी?’

मी गप्प बसलो. कारण दिल्या होत्या. अंधारातून करवतीचा आवाज यायचा असं लोक सांगत होते, आणि त्या न दिसणाऱ्या माणसांना मी माझ्या तोंडानं हरामखोर म्हणालो होतो.

बाप म्हणाला, ‘आरं, रातच्याला झाडावर मशीन चालवायची म्हंजी काय, तुला ठावं हाय का? फांदी कुठं पडंल ते दिसत न्हाई. त्यांच्यातलं कोन पडलं का, इचारलं का कुनी?’

नव्हतं विचारलं. मी नाही, शेजारच्या कॉलेजातल्या पोरांनी नाही, वकिलांनी नाही, पेपरवाल्यांनी नाही. निर्णय घेणाऱ्यांची नावं छापून आली, अडवणाऱ्यांची आली, झाडांचा आकडा शेवटच्या एकापर्यंत आला. करवत ज्याच्या हातात होती तो बिननावाचा राहिला. बिननावाच्या माणसाला कसाई म्हणणं सोपं असतं.

मला कुणी असं वाचू नये की झाडं तोडली ते बरं झालं. ते वाईटच झालं. आज ती झाडं वाचवायला मी परत जाईन. पण हुकूम देणारा हात आणि करवत धरणारा हात यांतला फरक आपल्याला कळत नसेल, तर आपली चळवळ आणि रविवारी दुर्बीण घेऊन पक्षी बघायला येणारी मंडळी यांत फरक काय? त्यांना झाड दिसतं, त्याच्याखालचा माणूस दिसत नाही. त्यांचं समजू शकतो. त्यांच्या घरातला कुणी फांदीवर बसलेला नसतो. आपल्या घरातला असतो.

आणि खरी गोष्ट ही की या शहरातल्या झाडाचा आणि त्याच्या कामगाराचा शत्रू एकच आहे. झाडं का पडतात? बुंध्यापर्यंत सिमेंट ओततात, मुळाला पाणी नाही, हवा नाही. हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांसाठी सांगितलं की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. इथं रस्ता खोदताना रस्त्याकडची मुळंच छाटतात आणि वर काँक्रीट घालतात. मूळ एका बाजूनं गेलं की झाड दुसरीकडं झुकणार, हे शेंबड्या पोराला कळतं. २०१० नंतरच्या काही वर्षांत उपनगरातले पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणानं वाळत गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात शेकडो झाडं एका दिवसात पडली. ती उचलायला कोण गेलं? नाक्यावरची पोरं. अशा वेळी ज्याला ढोल आणि भरीव यांतला फरक ऐकू येतो, ज्याला कडीच्या बाहेरून कापता येतं, तो माणूस झाडाचा डॉक्टर आहे. त्याला घाई लावून, रोजावर राबवून, झाडामागं बिल लावून जे होतं ते आपण बघतो. एका बाजूचा सगळा भार उतरवलेलं, वरून बोडकं केलेलं, पहिल्या पावसात कलंडणारं झाड. कामगाराला शिकवलं नाही, त्याचं ऐकलं नाही, याची किंमत झाड भरतं, कामगार भरतो, आणि खालून जाणारा तिसराच कुणी भरतो. ठेकेदाराचं बिल तेवढं निघतं.

इंग्लंडात याच कामाला ‘ट्री सर्जन’ म्हणतात. झाडाचा सर्जन! तिथं मशीन हातात घ्यायच्या आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. चढायचे दोर आणि पट्टे दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यायचे, असा नियम १९९८ पासून आहे. एकानं चढायचं तर खाली दुसरा असा हवा, की ज्याला वर जाऊन त्याला सोडवता येतं. आमच्याकडं खाली मुकादम असतो, बिडी पीत. काम तेच, धोका तोच, हत्यारं जवळजवळ तीच. तिकडं सर्जन, इकडं लाकूडतोड्या.

मग करायचं काय? कविता परत करून भागणार नाही, हे मला कळतं.

आमच्या गोदीकडं बघा. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगारांची नोंदणी झाली, बोर्ड आलं, रोजच्या रोज मुकादमाच्या दारात उभं राहणं बंद झालं. बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते, तेव्हापासून असल्या कायद्यांची हवा तयार झाली होती. १९६९ मध्ये माथाडींचा कायदा आला. मालक कितीही असोत, कामगाराची नोंद मंडळात, मजुरी मंडळात जमा, तिथून कामगाराला. हे कुणी दान दिलं नाही, हमालांनी लढून घेतलं. गोदीचं बोर्ड नव्वदच्या दशकात पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं आणि माझ्यासारखा आज पुन्हा कंत्राटावर आहे. म्हणजे मिळवलेलं जातंही. कंत्राटी कामगारांचा १९७० चा मूळ कायदा वीस माणसांपासून लागू व्हायचा, आता २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत ती संख्या पन्नास आहे. एका टेम्पोत सहा-सात झाडवाले. ठेकेदाराला पन्नासच्या आत राहायला कितीसं डोकं लागतं?

पण याच शहरात २०१७ मध्ये कचरा उचलणाऱ्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून कायम नोकरीचा हक्क मिळवला. त्यांच्याकडंही कागद नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षं संघटना बांधली, एकेक कागद उभा केला. मग झाडवाल्यांना का जमू नये?

आपल्या मागण्या साध्या आहेत. झाडावर चढणाऱ्या प्रत्येकाची नावनिशी नोंद. माथाडीसारखं मंडळ. झाडामागं बिल बंद, दिवसाची मजुरी. प्रशिक्षण आणि त्याचा दाखला. पट्टा, दोर, हेल्मेट ठेकेदाराच्या खर्चानं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाड पोकळ आहे असं चढणाऱ्यानं सांगितलं तर त्याला चढायला लावायचं नाही. त्याचा नकार कागदावर घ्यायचा. ही एक मागणी २०१४ साली मान्य असती, तर माझा बाप आज संध्याकाळी नाक्यावर चहा पीत बसला असता.

कवी दोस्तांनो, तुमच्या कविता परत पाठवतोय. फाडू नका. येत्या रविवारी सकाळी सातला घाटकोपरच्या नाक्यावर या. वह्या आणा. कवितेसाठी नाही, यादीसाठी. नाव, गाव, किती वर्षं झाडावर, कधी पडला, कुठं मोडलं, कागदावर काय लिहिलं. पुढचे रविवार मुलुंड, अंधेरी, बोरिवली. झाडांची मोजणी झालीय, आता माणसांची करू. चार नाके झाल्यावर ज्याला अजूनही त्या कवितेत ‘कसाई’ हाच शब्द ठेवायचा असेल, त्यानं ती परत पाठवावी. मी एक अक्षर न बदलता छापीन.

यादीतलं पहिलं नाव मी लिहून ठेवलंय. वय ५४, तेवीस वर्षं झाडावर. ‘कागदावर काय लिहिलं’ या रकान्यासमोर ‘शिडीवरून पडला’ असं लिहिलं, आणि ते बापाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘खोड. सोनमोहर लिव्ह.’

जय भीम.